सार्वजनिक ठिकाणांहून दूरस्थ काम

सार्वजनिक ठिकाणांहून दूरस्थ काम म्हणजे नोकरीचे अथवा व्यवसायाचे काम कार्यालयात किंवा घरी न करता कॅफे, उपाहारगृह, ग्रंथालय, अभ्यासिका, रेल्वे स्थानक किंवा भाड्याने मिळणारे सामाईक कार्यालय अशा ठिकाणी बसून, इंटरनेटच्या साहाय्याने पार पाडणे होय. या पद्धतीस लॅपटॉप किंवा मोबाईल, खात्रीची इंटरनेट जोडणी, वीज आणि काही तास निर्वेधपणे बसण्याजोगी जागा एवढ्या चारच गोष्टी लागतात. पहिल्या दोन गोष्टी गेल्या पंचवीस वर्षांत स्वस्त होत गेल्या. चौथी, म्हणजे जागा, मात्र मुंबई महानगर प्रदेशात महागच होत गेली आहे.

महाराष्ट्रात ही पद्धत मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर रुळली. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार हे तिच्या अभ्यासासाठी उपयुक्त उदाहरण आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्यांचे हे मोठे निवासी शहर आहे, येथून कार्यालयापर्यंतचा लोकल प्रवास दीर्घ व दमवणारा आहे आणि बहुसंख्य घरे लहान आहेत. त्यामुळे कॅफेत किंवा अभ्यासिकेत बसून काम करणे ही येथे पुष्कळदा हौस नसून सोय असते, आणि कित्येकदा तर निरुपायही असतो.

संज्ञा

मराठीत या विषयाची परिभाषा अजून स्थिरावलेली नाही. ‘दूरस्थ काम’, ‘दूरकार्य’ आणि ‘घरून काम’ हे शब्द वृत्तपत्रांत आढळतात. बोलण्यात मात्र ‘वर्क फ्रॉम होम’ हेच सरसकट वापरले जाते, मग काम घरून चालो की चहाच्या दुकानातून. ‘को-वर्किंग’ या प्रकारासाठी ‘सहकार्यस्थळ’ असा प्रतिशब्द सुचवला जातो. पण ‘सहकार्य’ या शब्दाचा मराठीत रूढ अर्थ मदत असा असल्याने तो फसवा ठरतो. अशा ठिकाणी शेजारी बसणारे एकमेकांना मदत करतातच असे नाही, ते फक्त एक छप्पर आणि एक वीजबिल वाटून घेतात. म्हणून प्रस्तुत लेखात ‘सामाईक कार्यालय’ हा शब्द योजला आहे.

‘हॉटेल’ या शब्दाचीही नोंद आवश्यक आहे. मराठी बोलीत हॉटेल म्हणजे प्रायः खाण्याचे ठिकाण, निवासाचे नव्हे. ‘कॅफे’ हा शब्दही महाराष्ट्राला नवा नाही. इराण्यांच्या दुकानांच्या पाट्यांवर तो शंभर वर्षांपासून आहे.

पूर्वपीठिका

कार्यालयाबाहेर, लोकांच्या वर्दळीत बसून लेखी काम करण्याची प्रथा संगणकाहून फार जुनी आहे. महाराष्ट्रातील तालुका कचेऱ्या व न्यायालये यांच्या आवारात झाडाखाली टंकयंत्र मांडून बसणारे टंकलेखक आणि अर्ज लिहून देणारे लेखनिक हे या प्रथेचे परिचित रूप होय. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या मुख्य टपाल कार्यालयासमोर पत्रलेखकांची रांग अनेक दशके बसत असे. परगावाहून आलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या कामगारांची पत्रे लिहिणे, मनिऑर्डरचे अर्ज भरणे आणि पार्सले कापडात शिवून लाखेने बंद करणे ही त्यांची कामे होती. दूरध्वनी आणि पुढे मोबाईल आल्यावर त्यांचा धंदा आटला.

युरोपात हेच काम कॉफीगृहांनी केले. एडवर्ड लॉइड याने लंडनमध्ये १६८८ च्या सुमारास चालवलेल्या कॉफीगृहात जहाजांचे मालक, कप्तान आणि व्यापारी जमत. तेथील टेबलांवर होणाऱ्या व्यवहारांतूनच ‘लॉइड्स’ ही जगप्रसिद्ध विमापेठ उभी राहिली. कॉफीगृह हे एका अर्थी सामाईक कार्यालयाचे पूर्वज ठरते.

मुंबई-पुण्यात ही भूमिका इराणी हॉटेलांकडे आली. मुंबईतील कयानी (१९०४) व ब्रिटानिया (१९२३) आणि पुण्यातील गुडलक (१९३५) ही त्यांतील आजही सुरू असलेली नावे. एका चहावर बराच वेळ बसू देणे हे या हॉटेलांचे वैशिष्ट्य मानले जाते. तरीही ही मुभा अमर्याद नव्हती. ग्राहकांनी काय करू नये हे सांगणाऱ्या लांबलचक पाट्या तेथे लागलेल्या असत, आणि त्यांवरूनच निस्सीम इझिकेल यांनी एक गाजलेली इंग्रजी कविता रचली. कवी अरुण कोलटकर यांची काळा घोडा येथील ‘वेसाइड इन’मधील बैठक मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) या इंग्रजी संग्रहातील जग त्या परिसराचेच आहे. लेखकाचे असे बसणे आणि कंपनीच्या कर्मचाऱ्याचे बसणे यांत एक मूलभूत भेद आहे: कर्मचाऱ्याच्या पडद्यावर दुसऱ्याची माहिती असते आणि त्याच्या वेळेवर दुसऱ्याचा हक्क असतो. या विषयातील बहुतेक सगळे प्रश्न या एका भेदातून उपजतात.

समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये घर आणि कामाची जागा यांखेरीजच्या गप्पागोष्टींच्या ठिकाणांना ‘तिसरी जागा’ असे नाव दिले. त्यांच्या मांडणीत कॅफे हे कामापासून सुटकेचे ठिकाण होते. दूरस्थ कामाने त्याच तिसऱ्या जागेत दुसरी जागा आणून बसवली.

तंत्र आणि विस्तार

प्रवासाऐवजी दूरसंचार ही कल्पना अमेरिकन अभियंता जॅक निलेस यांनी १९७३ मध्ये मांडली आणि तिला इंग्रजीत नावही दिले. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरील मोटारींची कोंडी हा त्यांचा मूळ प्रश्न होता. माणसांनी कामाकडे जाण्याऐवजी काम माणसांकडे पाठवावे, असा त्यांचा विचार. विशेष म्हणजे त्यांच्या आराखड्यात कर्मचारी घरी बसत नव्हता. तो घराजवळच्या एका छोट्या शाखा-कार्यालयात जात होता. आज उपनगरांत दिसणाऱ्या सामाईक कार्यालयांशी या आराखड्याचे जवळचे नाते आहे. ‘को-वर्किंग’ या नावाने चालणारे पहिले केंद्र ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू केले.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. घरोघरी संगणक नसलेल्या त्या काळात सायबर कॅफे गल्लोगल्ली निघाले. ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान ११ जुलै १९९६ रोजी बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर उघडले, तेही इंटरनेट कॅफे म्हणूनच; कॉफी तेथे संगणकाच्या सोबतीला होती. पुढे संगणक गेला आणि कॉफी राहिली. नंतर ग्राहक स्वतःच आपापला संगणक घेऊन परतले, हा या इतिहासातील एक गमतीदार वळसा म्हणता येईल. स्टारबक्सने टाटा समूहाबरोबरच्या भागीदारीत भारतातील पहिले दुकान १९ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईत हॉर्निमन सर्कल येथे उघडले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाईल डेटाचे दर कोसळले आणि कॅफेच्या वाय-फायवरील अवलंबित्व घटले. आजचा ग्राहक पुष्कळदा वाय-फायसाठी नव्हे, तर खुर्ची, पंखा आणि विजेचा प्लग यांसाठी कॅफेत येतो.

टाळेबंदी आणि त्यानंतर

२३ मार्च २०२० पासून मुंबईची उपनगरी रेल्वे सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली. १५ जून २०२० पासून ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, २१ ऑक्टोबर २०२० पासून स्त्रियांना ठरावीक वेळांत आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना मर्यादित वेळांत प्रवासाची मुभा मिळाली. एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेत निर्बंध परतले. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना प्रवास खुला झाला.

ज्यांचे काम संगणकावर चालू शकत होते ते घरी बसले. ज्यांचे चालू शकत नव्हते त्यांचे हाल झाले. २२ जुलै २०२० रोजी एसटीच्या गाड्या न मिळाल्याने संतप्त झालेले प्रवासी नालासोपारा स्थानकात रुळांवर उतरले होते. दूरस्थ काम ही सर्वांना मिळालेली सवलत नव्हती, हे विसरून या विषयाचा विचार करता येत नाही.

दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी कॉल सेंटर व तत्सम सेवांचे नियम शिथिल करून कर्मचाऱ्यांना घरून किंवा देशात कुठूनही काम करण्याची कायमस्वरूपी वाट मोकळी केली. कंपन्यांची भूमिका मात्र हेलकावत राहिली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने एप्रिल २०२० मध्ये २०२५ पर्यंत केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांना कार्यालयात येण्याची गरज राहील असे जाहीर केले होते. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाच दिवस कार्यालयात बोलावले. अनेक कंपन्यांनी आठवड्यातील दोन-तीन दिवस कार्यालयात आणि उरलेले बाहेर, अशी मिश्र पद्धत ठेवली. या मिश्र पद्धतीमुळेच कॅफे आणि अभ्यासिका यांना दिवसाचे गिऱ्हाईक मिळू लागले.

वसई-विरारमधील स्थिती

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात आला. नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही शहरातील चार प्रमुख उपनगरी स्थानके पश्चिम रेल्वेवर आहेत.

चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर असून जलद लोकललाही सुमारे दीड तास लागतो. रिक्षा, पूल ओलांडणे आणि गाडीची वाट पाहणे धरल्यास अनेकांचे रोजचे चार तास प्रवासात जातात. पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा करोनापूर्वी रोज सुमारे ३५ लाख प्रवासी वाहून नेत असे, आणि गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी राहतात असे रेल्वेच्याच परिभाषेत सांगितले जाते. अशा डब्यात लॅपटॉप उघडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परदेशातील लेखनात रेल्वेचा डबा हे दूरस्थ कामाचे आवडते ठिकाण म्हणून येते. विरार लोकलच्या प्रवाशाला ते वर्णन परीकथेसारखे वाटेल.

रस्त्याचा पर्यायही सोपा नाही. वसईची खाडी आडवी असल्याने मोटारीने मुंबईला जाण्यासाठी पूर्वेकडील राष्ट्रीय महामार्गाला वळसा घालावा लागतो. भाईंदर ते वसई रो-रो बोटसेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पण तिचा उपयोग मुख्यतः वाहनधारकांना होतो. संगणकावरील नोकऱ्या प्रामुख्याने अंधेरी, गोरेगाव, मालाड, वांद्रे-कुर्ला संकुल आणि ऐरोली या पट्ट्यांत एकवटल्या आहेत. वालीव, सातिवली आणि गोखिवरे येथे मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत खऱ्या, परंतु त्यांत कारखाने व गोदामे आहेत.

दूरस्थ कामाने हा प्रवास वाचवला. घरातील जागेचा प्रश्न मात्र उघडा पाडला. नालासोपारा, विरार आणि नायगाव पूर्व येथील नव्या वस्त्यांत एक खोली व स्वयंपाकघर एवढ्या आकाराची घरे विपुल आहेत. अशा घरात कुटुंबातील चार-पाच माणसे, शाळकरी मुलांचा अभ्यास आणि वृद्धांचा दूरदर्शन संच यांच्यामध्ये कार्यालयाची बैठक चालवणे दुष्कर असते. पलंगावर मांडी घालून, भिंतीचा कोपरा कॅमेऱ्यात येईल अशा बेताने लॅपटॉप धरून बसण्याचा अनुभव टाळेबंदीत अनेक कुटुंबांनी घेतला. घरातील एकुलती शांत जागा कोणाला द्यायची हा प्रश्न जेथे उद्भवतो, तेथे ती पुष्कळदा पुरुषाच्या वाट्याला येते आणि स्त्रीचे काम ओट्याशेजारी चालते. बाहेर बसण्याची गरज म्हणूनच स्त्रियांना कमी नसते. उलट घरात असले की घरकामही हाताशीच आहे असे गृहीत धरले जात असल्यामुळे ती अधिक तीव्र असते. बाहेरच्या जागा निवडताना त्यांना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: स्वच्छ स्वच्छतागृह, आणि अंधार पडल्यावर परतण्याची सोय. लॅपटॉप घेऊन तासन्‌तास बसण्याच्या जागेचे वर्णन करणारे लेख यांतील पहिल्या गोष्टीचा उल्लेखही सहसा करत नाहीत.

वसई पश्चिमेचा माणिकपूर-अंबाडी रस्ता परिसर, वसई पूर्वेची एव्हरशाइन सिटी व वसंत नगरी आणि विरार पश्चिमेची ग्लोबल सिटी या भागांत खाण्यापिण्याची वातानुकूलित दुकाने आढळतात. याउलट पश्चिम पट्ट्यातील गिरीज, निर्मळ, भुईगाव, आगाशी या बागायती गावांत घरे ऐसपैस, अंगण-ओटी असलेली आहेत. तेथील रहिवाशाला कामासाठी बाहेर पडण्याचे कारण तुलनेने कमी. एकाच शहरातील दोन बाजूंचा हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

पावसाळा आणि वीज हे येथील कामाचे दोन मोठे अडथळे होत. ९ व १० जुलै २०१८ रोजीच्या अतिवृष्टीत नालासोपारा परिसरातील रूळ पाण्याखाली जाऊन वसई-विरारदरम्यानची रेल्वे वाहतूक ठप्प झाली, मिठागरांतील कुटुंबे पाण्याने वेढली गेली आणि शहरातील वीजपुरवठाही खंडित झाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाचीच वीज गेली, तेव्हा घरी बसलेले कर्मचारीही कामाविना बसले. वीज गेल्यावर घरचा राउटर बंद पडतो; काही वेळाने मोबाईल मनोऱ्याची बॅटरीही उतरते. यामुळे ज्या दुकानात जनित्र किंवा इन्व्हर्टर आहे ते दुकान अशा दिवशी आपसूकच कार्यालय बनते.

कॅफे, अभ्यासिका आणि सामाईक कार्यालय

कॅफेचे उत्पन्न टेबल किती वेळा रिकामे होऊन भरते यावर अवलंबून असते. समजा, चार खुर्च्यांचे टेबल संध्याकाळच्या चार तासांत चार वेळा भरते, तर मालकाला सोळा माणसांचे बिल मिळते; तेच टेबल एका माणसाने एका कॉफीवर अडवले तर एकाचेच. दुपारी अडीच ते पाच या मंदीच्या वेळेत मात्र हाच एकटा ग्राहक मालकाला हवासा असतो, कारण रिकाम्या दुकानात नवे गिऱ्हाईक शिरायला कचरते. यावरून बाहेर बसून काम करणाऱ्याचे बहुतेक शिष्टाचार आपोआप निघतात: गर्दीची वेळ टाळावी, लहान टेबल घ्यावे, दीड-दोन तासांनी पुन्हा काही मागवावे. उडुपी उपाहारगृहांत तर बसण्यापेक्षा उठणे अपेक्षित असते. तेथे लॅपटॉप उघडणे गैरच समजले जाते, आणि तसे समजणे रास्त आहे.

अभ्यासिका ही महाराष्ट्राची खास देणगी म्हणावी लागेल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान मिळते व त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले जातात. त्यांतील अनेक ग्रंथालयांत वाचनकक्ष असतो. याखेरीज स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी मासिक शुल्कावर खुर्ची-टेबल देणाऱ्या खासगी अभ्यासिका शहरोशहरी निघाल्या आहेत. दर कॅफेपेक्षा पुष्कळ कमी, शांतता पुरेपूर. अट एकच, की बोलायचे नाही. ज्याचे काम लिहिण्याचे, हिशेबाचे किंवा संगणक-प्रणाली रचण्याचे आहे त्याला अभ्यासिका मानवते. ज्याला दिवसभर फोनवर बोलायचे आहे त्याला ती निरुपयोगी. परीक्षेच्या हंगामात विद्यार्थ्यांच्या खुर्च्या नोकरदारांनी अडवणे कितपत योग्य, हा प्रश्न ग्रंथपालांनी विचारावा असा आहे.

सामाईक कार्यालयात दिवसाच्या किंवा महिन्याच्या भाड्याने बैठक, छपाईयंत्र, सभाकक्ष आणि पत्ता मिळतो. मुंबई, पुणे व ठाण्यात असा व्यवसाय मोठ्या कंपन्या करतात. उपनगरांच्या टोकाला तो बहुधा एखाद्या मजल्यापुरता असतो. गोवा शासनानेही मोरजी व आश्वे येथील किनाऱ्यांलगत अशी केंद्रे उभारण्याची योजना जाहीर केली होती. तिचा रोख पर्यटकांवर होता.

कॅफेच्या काचेआड लॅपटॉपवर काम करणारा आणि त्याच दुकानाबाहेर दुचाकीवर बसून पुढच्या ऑर्डरची वाट पाहणारा पोहोचवणारा हे दोघेही एका अर्थी सार्वजनिक ठिकाणाहून, मोबाईलच्या आधारे काम करणारे कामगार आहेत. दुसऱ्याला मात्र आत बसण्याची मुभा नसते.

इंटरनेट जोडणी आणि माहितीची सुरक्षितता

सार्वजनिक वाय-फाय वापरताना मोबाईल क्रमांक व त्यावर आलेला संकेतांक विचारला जातो. त्यामागे महाराष्ट्रातीलच घटना आहेत. जुलै २००८ मधील अहमदाबाद बॉम्बस्फोटांपूर्वी पाठवलेला ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून गेल्याचे तपासात आढळले. त्यानंतरच्या ईमेलसाठीही मुंबई परिसरातील इतरांच्या जोडण्यांचा असाच गैरवापर झाला होता. यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचे निर्देश दिले. २०११ च्या सायबर कॅफेविषयक नियमांनी ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे आणि वापराची नोंद किमान एक वर्ष जपणे बंधनकारक केले.

रेल्वे स्थानकांवरील मोफत वाय-फायची सुरुवात गूगल व रेलटेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल येथून केली. गूगलने २०२० मध्ये अंग काढून घेतले, तरी रेलटेलची सेवा देशातील ६,००० हून अधिक स्थानकांवर चालू राहिली. तिच्यात दिवसाची पहिली ३० मिनिटे विनामूल्य असतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेनुसार चहाच्या टपरीवाल्यालाही परवान्याशिवाय वाय-फाय विकता येते. तासाभराच्या दृक्‌श्राव्य बैठकीला चित्राच्या दर्जानुसार साधारण अर्धा ते दीड जीबी डेटा लागतो, हे लक्षात घेता बैठकींसाठी स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट आणि किरकोळ कामासाठी दुकानाचे वाय-फाय अशी विभागणी बरेच जण करतात.

सार्वजनिक वाय-फायचा मुख्य धोका बनावट जोडणीचा असतो. दुकानाच्या नावाशी मिळतेजुळते नाव देऊन शेजारच्या टेबलावरून कोणीही आपली जोडणी सुरू करू शकतो आणि अनवधानाने तिला जोडलेल्या ग्राहकाची वाहतूक त्याच्यामार्फत जाऊ लागते. बहुतेक संकेतस्थळे आता सांकेतिक स्वरूपात माहितीची ने-आण करतात. त्यामुळे पूर्वीइतकी सहज चोरी होत नाही, तरी खोट्या प्रवेशपानावर परवलीचा शब्द टंकल्यास कोणतेही संकेतन उपयोगी पडत नाही. कंपन्या यासाठी खासगी आभासी जाळे, म्हणजे व्हीपीएन, सक्तीचे करतात. त्यामुळे कर्मचाऱ्याचा संगणक आणि कंपनी यांच्यामधील वाहतूक मधल्या कोणालाही वाचता येत नाही.

तंत्रापेक्षा साधे धोके अधिक घडतात. मागे बसलेल्याला पडदा दिसतो. तो टाळण्यासाठी भिंतीला पाठ करून बसणे हा बिनखर्चाचा उपाय होय. फोनवर मोठ्याने सांगितलेला ग्राहकाचा खातेक्रमांक, पगाराचा आकडा किंवा रुग्णाचे नाव शेजारच्या चार टेबलांवर ऐकू जाते. कानात ध्वनियंत्र घातलेल्या माणसाला समोरचा आवाज दुसऱ्या कोणाला ऐकू येत नसल्याची खात्री असते, पण स्वतःचा आवाज चढला आहे हे कळत नाही. स्वच्छतागृहात जाताना लॅपटॉप टेबलावर सोडावा की सोबत न्यावा, ही एकट्याने काम करणाऱ्याची नित्याची पंचाईत. सोबत नेणेच श्रेयस्कर, मग टेबल गेले तरी चालेल.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये माहितीच्या रक्षणात कसूर करणाऱ्या संस्थेला कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही जबाबदारी संस्थेची असल्यामुळेच बँका, विमा व आरोग्यसेवा यांतील अनेक कंपन्या सार्वजनिक ठिकाणाहून काम करण्यास करारातच मनाई करतात. ‘कुठूनही काम’ याचा अर्थ कॅफेतूनही काम असा होतोच असे नाही. नियुक्तिपत्रातील संबंधित कलम वाचणे आवश्यक ठरते.

कायदा आणि कर

केंद्रीय श्रम मंत्रालयाने २०२० च्या अखेरीस सेवाक्षेत्रासाठी प्रसिद्ध केलेल्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात घरून कामाचा उल्लेख आला. विशेष आर्थिक क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांसाठी जुलै २०२२ मध्ये स्वतंत्र नियम झाला. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या अंधेरीच्या सीप्झमधील कंपन्यांना तो लागू पडला. या तरतुदींचा भर घरावर आहे. खुर्ची, वीज व इंटरनेट यांचा खर्च कोणी सोसावा हे प्रायः कंपनीच्या मर्जीवर राहते, आणि कॅफेचे बिल तर बहुतेक वेळा कर्मचारीच भरतो.

स्वतंत्र व्यावसायिकांच्या बाबतीत वस्तू व सेवा कराचा मुद्दा येतो. सेवा पुरवणाऱ्यास वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यास सर्वसाधारणपणे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत व्यावसायिकाला सामाईक कार्यालयाच्या भाड्यावरील कराची वजावट मिळू शकते; खाद्यपेयांवरील कराची मिळत नाही. त्यामुळे महिनाभर कॅफेत बसण्याचा खर्च भाड्याच्या बैठकीइतका झाला, तरी हिशेबाच्या वहीत दोन्ही सारखे ठरत नाहीत.

कामाच्या वेळा

परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांपुढे घड्याळाचा प्रश्न असतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात; कारण अमेरिकेतील घड्याळे वर्षातून दोनदा सरकतात, भारतातील सरकत नाहीत. म्हणजे पूर्व अमेरिकेची पाळी सुरू होते ती नेमकी कॅफेतील गर्दीच्या वेळी, आणि पाळीचा उत्तरार्ध दुकाने बंद झाल्यावर येतो. ब्रिटनची वेळ तुलनेने सोयीची. तेथील सकाळचे नऊ म्हणजे येथे दुपारचे दीड किंवा अडीच. परिणामी वसई-विरारमधील दूरस्थ कर्मचाऱ्यांपैकी दुपारची पाळी असणाऱ्यांनाच कॅफे उपयोगी पडतो. रात्रपाळीवाल्यांना रात्रभर उघडी राहणारी अभ्यासिका शोधावी लागते, नाहीतर घरातील सर्व जण झोपल्यावर स्वयंपाकघरात दिवा लावून बसावे लागते.